रेवती जेवायला बसली

शमिका भातडेने लिहिलेली गोष्ट रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचली जाते, हे तिला कॅनिंगवर कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी कळलं. ती गोष्ट शमिकाची आहे, हे मात्र तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

रत्नागिरीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन ती पावसजवळच्या आपल्या गावी मोकळीच होती. मे महिना घरी लोळून काढण्यापेक्षा चल माझ्याबरोबर, असं म्हणून सगुणाकाकी तिला आंब्याच्या कारखान्यात घेऊन गेली. पेटीत भरून मुंबईला पाठवण्याजोगा नसलेला हापूस तिथे येतो आणि त्याचा रस डब्यांत भरला जातो. गावात त्या कारखान्याला सगळे नुसतं कॅनिंग म्हणतात. धुतलेले आंबे टेबलावर येत, बायका उभ्या राहून देठाकडचा भाग कापत, काळे डाग काढत आणि आंबा पुढे यंत्राकडे सरकवत. डोक्याला टोपी, हातात मोजे. मोजे असले तरी चीक मनगटाला लागायचाच आणि आग व्हायची.

दुपारी सगळ्याजणी मागच्या शेडखाली डबे उघडून बसल्या. काशीवहिनीने हात पुसून पिशवीतून मोबाइल काढला आणि जाहीर केलं, “आज रेवतीचा नवा भाग आलाय.”

शमिकाच्या हातातली भाकरी तोंडापर्यंत गेलीच नाही.

गेलं वर्षभर ती एका कथांच्या अ‍ॅपवर ‘सागरिका’ या नावाने लिहीत होती. रेवती नावाच्या बाईची ती गोष्ट. सासरी तिला कुणी विचारत नाही म्हणून ती लहान मुलाला घेऊन घर सोडते आणि भावाकडे यायला निघते, इथपर्यंत कथा आली होती. प्रत्येक भागाखाली लोक बदामाची खूण टाकायचे, ‘खूप छान’, ‘पुढचा भाग लवकर टाका’ असं लिहायचे. शमिकाला ते वाचून दिवसभर हलकं वाटायचं. पण घरी तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मैत्रिणींनाही नाही. आपण लिहितो हे सांगायची तिला का कोण जाणे, लाज वाटायची.

काशीवहिनीचा आवाज खणखणीत. ती वाचू लागली. “अस्ताचलाला निघालेला रक्तवर्णी भास्कर आपल्या सहस्र करांनी सागराच्या निळ्याशार…”

“बुडू दे तो सूर्य,” पलीकडून गंगाआत्या म्हणाली. “तवर मी पाणी पिऊन येते.”

बायका हसल्या. काशीवहिनीने अंगठ्याने पडदा वर सरकवला, आणखी सरकवला. “हां, आता रेवती आली.” आणि तिथून पुढे वाचायला लागली.

ते सूर्यास्ताचे तीन परिच्छेद लिहायला शमिकाने एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

भाग संपला. रेवती भावाच्या दारात उभी आणि डोळ्यांतून अश्रूंच्या धारा. शमिका मान खाली घालून लोणच्याची फोड चाटत राहिली. कुणीतरी ‘छान’ म्हणेल अशी तिला आशा होती. गंगाआत्याने डबा मिटला. ती साठीची, टेबलावरची सगळ्यांत जुनी बाई. म्हणाली, “ही बाय पहाटे निघाली ना घरातनं? मग त्या पोराला दिवसभर काय खायला घातलं? तीन भाग झाले, पोरगं उपाशीच हाय. आईला पोराची भूक आठवत नाय, नि रडायचं तेवढं आठवतं.”

“गोष्टीत कुठे गो जेवतात कोण,” काशीवहिनी म्हणाली.

“मग जगतात कशावर?”

संध्याकाळी घरी येताना सगुणाकाकीने विचारलं, “तोंड का पाडलंस? आग होते का हाताची?” शमिकाने हो म्हटलं.

पहिले दोन दिवस तिला गंगाआत्याचा रागच आला. या बायकांना काय कळतं, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. पण तिने मागचे भाग पुन्हा वाचले तेव्हा खरंच त्या मुलाने कुठे काही खाल्लेलं नव्हतं. त्याला नावसुद्धा नव्हतं. ‘चिमुकला जीव’ एवढंच सगळीकडे. आणि रेवती? ती सुंदर होती, सोशिक होती आणि रडत होती. तिला भात आवडतो की भाकरी, तिला चिडल्यावर काय होतं, ती भावाच्या घरी सकाळी उठून आधी काय करते, यातलं काहीही शमिकाला सांगता आलं नसतं.

मग ती कामावरून आल्यावर अंघोळ करून मागच्या पडवीत बसायची आणि उजेड आहे तोवर लिहायची. पुढच्या भागात तिने मुलाला नाव दिलं, ओंकार. भावजयीने दिलेला चहा तो बशीतून पितो आणि बशी फुटते. भावजय काही बोलत नाही, फक्त तुकडे गोळा करताना एकेक तुकडा मोजल्यासारखा उचलते. एवढाच तो भाग. अश्रू एकही नाही.

दुसऱ्या दिवशी काशीवहिनीने तो वाचला तेव्हा शमिका श्वास धरून बसली. या वेळी कुणी पाणी प्यायला उठलं नाही. वाचन संपल्यावर एक बाई हळूच म्हणाली, “माझी भावजय अशीच. बोलली असती तर बरं झालं असतं.” आणि मग सगळ्याजणी आपापल्या भावजयांबद्दल बोलायला लागल्या. गोष्ट बाजूलाच राहिली. आधी शमिकाला वाईट वाटलं, आपल्या लिहिण्याबद्दल कुणी बोललंच नाही. टेबलावर परत उभी राहून आंबे कापता कापता तिच्या लक्षात आलं की असं याआधी एकदाही झालं नव्हतं.

तिला त्या दुपारच्या सुट्टीची चटक लागली. कॉलेजात मराठीच्या तासाला जे कळलं नव्हतं ते इथे कळत होतं. कुठे बायका डब्याची झाकणं वाजवायला लागतात, कुठे पटकन एकमेकींकडे बघतात, कुठे घास हातात राहतो. झाकणं वाजली की ती मनात खूण करायची आणि संध्याकाळी तेवढं काढून टाकायची. पुष्कळदा काढून टाकलेलं तेच तिला सगळ्यांत आवडलेलं असायचं.

तिच्या शेजारी टेबलावर तुळसाताई उभी राहायची. तिशीची, सडसडीत, कामाला चलाख. पलीकडच्या वाडीतली माहेरवाशीण. शिमग्याला माहेरी आली ती परत गेलीच नव्हती. तिची मुलगी सानवी सहा वर्षांची होती. वाचन चालू असताना तुळसाताई कधी काही बोलत नसे. पण एकदा भाग संपल्यावर ती काशीवहिनीला म्हणाली, “ते बशीचं परत वाच ना. मागचं.”

घरी जायची वाट दोघींची एकच होती. त्या संध्याकाळी सगुणाकाकी बाजाराला गेली होती म्हणून दोघीच निघाल्या. कातळावरून पायवाट जाते, तिथे वारा लागतो. तुळसाताईने अचानक विचारलं, “शमिका, तू शिकलेली हायस. रेवतीनं घर सोडलं ते बरोबर केलं असं तुला वाटतं?”

“तुला काय वाटतं, ताई?”

तुळसाताई चालता चालता बोलू लागली. तिचं सासर गुहागरकडे. नवरा विनीत मुंबईला कंपनीत, सणाला नि गणपतीला यायचा. लग्नाआधी तिने नर्सिंगच्या कोर्सचं एक वर्ष केलं होतं. पुढचं आम्ही करू देऊ, असं सासरच्यांनी सुपारी फुटताना सांगितलं होतं. सात वर्षं झाली. विषय काढला की कुणी नाही म्हणत नसे आणि कुणी हो म्हणत नसे. आता फोन येत होते, पेरणीच्या आत ये. विनीतही तेच म्हणत होता, आईला वाईट वाटेल.

“मला कोणी मारत नाय गो,” तुळसाताई म्हणाली. “कोणी विचारतपण नाय. लोकांना सांगायला माझ्याकडं काय दुःखच नाय.” मग ती हसली. “ती लिहिणारी बाई कोण असेल तिला ठाऊक असेल ना, पुढं काय होतं ते? आपल्याला आधी सांगितलं असतं तर बरं.”

शमिकाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण वाडीचा फाटा आला आणि तुळसाताई वळली.

त्या संध्याकाळी शमिकाला काही सुचेना. एवढी मोठी बाई आपल्या गोष्टीकडे वाट विचारते आहे, याने ती हरखून गेली आणि घाबरलीही. आपण तिला मदत केली पाहिजे, असं तिला मनापासून वाटलं. मग तिने एका बैठकीत पुढचा भाग लिहिला. रेवती सासरी जाते, सगळं घर ओटीवर जमलेलं असताना ताठ उभी राहते आणि बोलते. स्त्रीचं स्वातंत्र्य, शिक्षण, स्वाभिमान. “मला इथे कुणी मारत नाही, पण कुणी विचारतही नाही,” असं ती म्हणते, आणि सासूची मान खाली जाते, सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, नवरा हात जोडतो. शमिकाला लिहिताना स्वतःलाच भरून आलं. अ‍ॅपवर टाकल्यावर आजवर मिळाले नव्हते इतके बदाम मिळाले. एका बाईने लिहिलं, ‘डोळे उघडणारं लेखन.’

दुपारी काशीवहिनीने वाचायला घेतलं. रेवतीचं बोलणं सुरू झालं आणि थोड्याच वेळात झाकणं वाजू लागली. गंगाआत्या म्हणाली, “हे रेवती बोलत नाय. हे पंधरा ऑगस्टचं भाषण हाय.” एकदोघी हसल्या. काशीवहिनी वाचतच राहिली आणि ते वाक्य आलं. मला इथे कुणी मारत नाही.

तुळसाताईने मान वर केली. तिने आधी काशीवहिनीकडे पाहिलं, मग शमिकाकडे. तिचा अर्धा डबा तसाच होता. तो तिने बंद केला, नळावर जाऊन हात धुतले आणि आत निघून गेली. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी ती शमिकासाठी थांबली नाही. शमिका पळतच तिच्या मागे गेली आणि कातळावर तिला गाठलं.

“ताई, थांब ना. ती लिहिणारी… ती मीच आहे.”

“कळलं मला,” तुळसाताई म्हणाली. “त्या दिवशी इथं तुझ्याशिवाय कोण नव्हतं.” तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून शमिकाला जास्त भीती वाटली. “सात वर्षांत ते मी कोणाला बोलले नव्हते. आईलापण नाय. आज काशीच्या तोंडून सगळ्यांच्या पुढ्यात ऐकलं. गंगाआत्या त्याला भाषण म्हणाली नि बायका हसल्या.”

“मला वाटलं, तुला धीर येईल…”

“धीर?” तुळसाताई म्हणाली. “तुझी रेवती बोलली नि सगळी रडायला लागली. इतकं सोपं असतं तर मी इथं आंबे कापत असते का?” आणि ती वळून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी तुळसाताई पलीकडच्या टेबलावर जाऊन उभी राहिली. शमिकाने अ‍ॅपवरून तो भाग काढून टाकला. दुपारी काशीवहिनी मोबाइल उलटासुलटा करून पाहत राहिली. “भाग कुठं गेला? काल होता!” अ‍ॅपवर वाचकांनी विचारणा सुरू केली. शमिकाने उत्तर दिलं नाही. तिला वाटलं, आपण लिहिणंच बंद करावं. बंद केलं तर निदान कुणाचं काही बिघडणार नाही.

सगुणाकाकीने तिला दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता सरळ विचारलं. शमिकाने सगळं सांगितलं, अ‍ॅपपासून सगळं. काकीला आधी हे समजायलाच वेळ लागला की रेवती आपल्या घरात राहते. मग तिने सूप खाली ठेवलं.

“एवढं सगळं तू लिहिलंस?” ती म्हणाली. “बशीचंपण?”

“हो.”

“मग आता असं कर. तुळसाची माफी माग. आणि गोष्टीतनं मागू नकोस हां, तोंडानं माग.”

त्या आठवड्यात एका दुपारी कारखान्याची वीज गेली आणि सगळ्यांना लवकर सोडलं. शमिका घरी न जाता थेट पलीकडच्या वाडीत गेली. तुळसाताई खळ्यात उन्हाला आमसुलं घालत होती. कोकमाच्या रसात बुडवलेली सालं एकेक करून चटईवर पसरायची. सानवी शेजारी बसून चटईवरच्या माशा हाकत होती.

“ताई, मी चुकले,” शमिका उभ्याउभ्याच म्हणाली. “तू मला सांगितलंस ते माझं नव्हतं. मी तो भाग काढलाय. परत कधी असं करणार नाही.”

तुळसाताई तिच्याकडे न बघता म्हणाली, “उन्हात उभी नको राहू. बस. बसलीस तर हात चालव.”

शमिका बसली. दोघी सालं पसरत राहिल्या. बोटं लाल झाली. सानवीने मध्येच विचारलं, “ही कोण गं आई?” तुळसाताई म्हणाली, “ही गोष्टी लिहिते.” त्यात राग होता की नव्हता, शमिकाला कळलं नाही.

“खोटी गोष्ट?” सानवीने विचारलं.

“विचार तिलाच.”

शमिका म्हणाली, “खोटीच. पण खरी वाटायला पाहिजे, ते मला अजून जमत नाही.”

तुळसाताई हसली नाही, पण तिचे खांदे जरा सैल झाले. चटई भरत आली तेव्हा ती आपणहून बोलली. “तुझ्या गोष्टीत ती बोलते नि सगळी गप्प होतात. माझ्याकडं कसं होतं सांगू? मी बोलते. सगळं बोलून होतं माझं. मग सासूबाई म्हणतात, ‘बरं, चहा टाक.’ आणि मी चहा टाकते. वाईट नाहीत त्या. त्यांना वाटतं, विषय संपला.”

शमिकाचा हात थांबला. हे इतकं नेमकं होतं की तिच्या डोक्यात लगेच पूर्ण प्रसंग उभा राहिला, चहाच्या भांड्यासकट. पण तिने तोंड उघडण्याआधीच स्वतःला आवरलं, आणि मग विचारलं. “ताई, हे मी लिहू?”

तुळसाताईने विचार केला. “नको,” ती म्हणाली. “हे माझं हाय. तुझी रेवती काय करेल ते तू बघ. ती माझ्यासारखी नाय. तिला मुलगा हाय, तिची भावजय बशीचे तुकडे मोजते. माझी भावजय तशी नाय.” जरा थांबून म्हणाली, “ती बशी कुठून काढलीस?”

“अशीच. मनातून.”

“तसंच काढ की मग.”

घरी जाताना शमिकाला वाटेत कुणी भेटलं असतं तरी ती बोलली नसती. रेवतीने काय करायला हवं, हा विचार ती इतके दिवस करत होती. रेवती काय करेल, हा विचार तिने केलाच नव्हता. माफी मागून आल्यावर लगेच सुचलं असंही झालं नाही. पुढचे चार-पाच दिवस तिने लिहिलं आणि खोडलं. एकदा रेवती नवऱ्याला चहा करून देते असं आपोआप लिहिलं गेलं, तेव्हा ती दचकली आणि अख्खं पान काढून टाकलं. मग तिने रेवतीला नवऱ्यासमोर न ठेवता आधी भावाच्या स्वयंपाकघरात ठेवून पाहिलं. तिथे रेवती शेवटी जेवते. भावजयीच्याही नंतर. हे शमिकाने ठरवलेलं नव्हतं, पण लिहिताना तिला ते स्पष्ट दिसलं. माहेरीसुद्धा ती पाहुणीसारखी नाही आणि घरच्यासारखीही नाही, उरलेल्या भाताला बसणारी.

मग नवरा आला. ओंकारसाठी खेळण्यातली गाडी घेऊन. भावजयीने बांगड्याचं कालवण केलं. रेवतीने त्याला वाढलं. तो जेवता जेवता म्हणाला, रविवारच्या गाडीची तिकिटं काढतो. रेवती म्हणाली, माझं अजून ठरलं नाही. त्याला ते ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक, त्याने थोडा भात मागितला. तिने भात वाढला. आणि मग शमिका बराच वेळ थांबली. रेवती आता भांडं घेऊन आत जाईल? रडेल? भाषण तर करणार नाहीच. शेवटी तिने लिहिलं, की रेवतीने फळीवरून आणखी एक ताट घेतलं, त्यात आपल्याला भात वाढला, बांगड्याचा मधला चांगला तुकडा घेतला, आणि नवऱ्याच्या समोर जेवायला बसली. भावजय दारात उभी राहून बघत होती. नवऱ्याचा घास थांबला. रेवतीला खूप भूक लागली होती.

इथे तिने भाग संपवला.

अ‍ॅपवर या भागाला थोडेच बदाम आले. एकाने लिहिलं, ‘या भागात काही घडलंच नाही.’ शमिकाला ते लागलं. दुपारपर्यंत तिची खात्री झाली होती की सगळं फसलंय.

काशीवहिनीने वाचलं. मधला तुकडा घेतला, हे आलं तेव्हा कुणीतरी “अगो बाय!” असं पुटपुटलं. वाचन संपल्यावर एकदम सगळ्या बोलायला लागल्या.

“जाईल ती. रविवारी जाईल.”

“नाय जायची. जी समोर बसून जेवली ती आता कशाला जाते?”

“जेवली म्हणून काय झालं? पोराला बाप नको?”

सगळ्यांचं बोलून झाल्यावर गंगाआत्या म्हणाली, “माझे मालक जाऊन बारा वर्षं झाली. मी त्यांच्या समोर कधी जेवले नाय. एकदापण नाय. आणि मला ते कधी वाटलंपण नाय.” ती पदराने तोंड पुसत राहिली. “आता वाटलं.”

आतून हाक आली, सुट्टी संपली. कुणी उठेना. पुन्हा हाक आली तेव्हा बायका डबे आवरू लागल्या. तुळसाताई पलीकडे बसली होती. जाताना ती शमिकाजवळून गेली आणि जरा थांबली.

“ती जेवायला बसली ते मला आवडलं,” ती म्हणाली. “मला सुचलं नसतं.”

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा शमिकाच्या शेजारी उभी राहू लागली.

हंगाम संपत आला तसे आंबे कमी येऊ लागले. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी घरून काहीबाही करून आणलं होतं. काशीवहिनी हळहळत म्हणाली, आता रेवतीचं पुढचं कोणासाठी वाचू? सगुणाकाकीने इतके दिवस गुपित पोटात ठेवलं होतं, पण आता तिला राहवेना. “तिलाच विचारा की,” ती शमिकाकडे बोट दाखवून म्हणाली आणि स्वतःच लाल झाली.

आधी कुणाचा विश्वास बसला नाही. मग गंगाआत्या शमिकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, “म्हणजे इतके दिवस आमच्यात बसून आमचंच ऐकत होतीस?”

“हो आत्या.”

“आणि मी भाषण म्हटलं ते?”

“बरोबर होतं. मी काढून टाकलं.”

दोघीतिघींना ते आवडलं नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. एक म्हणाली, आता हिच्यासमोर बोलायची चोरी. शमिकाने मान खाली घातली. तेव्हा तुळसाताई बोलली. “ती विचारते आधी. नको म्हटलं तर लिहीत नाय.” एवढंच बोलून ती घावणे वाढायला उठली. मग हळूहळू बायका शमिकाला सांगू लागल्या की पुढे काय व्हायला पाहिजे, आणि कुठल्याही दोघींचं एकमत होईना.

पेरणीच्या सुमाराला विनीत आला आणि तुळसाताई त्याच्याबरोबर गुहागरला गेली. शमिकाला ते ऐकून वाईट वाटलं. काकीला म्हणाली, गेली शेवटी. काकी म्हणाली, जाऊन काय करते ते बघू. लावणी आटोपल्यावर तुळसाताई सानवीला घेऊन परत आली. तिने सासरी सांगितलं होतं की ती रत्नागिरीला नर्सिंगच्या कोर्सला नाव घालणार आणि सानवी आजीकडे राहून शाळेत जाणार. सासू नेहमीसारखी चहा टाक म्हणाली. तुळसाताईने चहा टाकला, सगळ्यांना दिला, आणि मग विषय पुन्हा पहिल्यापासून काढला. विनीत बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. नंतर त्याने सानवीसाठी शाळेचे बूट पाठवले. बुटांबरोबर निरोप काही नव्हता.

“माझ्या गोष्टीमुळे…” शमिकाने एकदा भीत भीत विचारलं.

“नाय गो,” तुळसाताई म्हणाली. “शिमग्यालाच माझं ठरलं होतं. बोलायला जमत नव्हतं एवढंच.” शमिकाला थोडं वाईट वाटलं आणि पुष्कळ बरं वाटलं.

गणपतीनंतर दोघी सकाळच्या एकाच एस.टी.ने रत्नागिरीला जाऊ लागल्या. एक कॉलेजला, एक कोर्सला. रेवतीची गोष्ट शमिकाने तोवर संपवली होती. आता ती नवीन लिहीत होती, जहाजावरून निवृत्त होऊन गावी आलेल्या एका म्हाताऱ्याची. तिला जहाजातलं काही माहीत नव्हतं आणि म्हातारपणातलंही नाही. गोळपला गाडीत चढउतार झाली, बसायला जागा मिळाली, तेव्हा तुळसाताई म्हणाली, “वाच.”

शमिकाने कागद काढले आणि गाडीच्या खडखडाटावर आवाज चढवून वाचू लागली. फणसोप गेलं. पुढच्या सीटवरचा एक माणूस मान तिरकी करून ऐकत होता. भाट्याच्या पुलावर गाडी आली, खाडीवरचा वारा खिडकीतून आत आला आणि तिने कागद दोन्ही हातांनी दाबून धरले.

“हा म्हातारा मला खरा नाय वाटत,” तुळसाताई म्हणाली.

“कुठे नाही वाटत?”

“पहिल्यापासनं. तो फार शहाणा हाय. चिडत कसा नाय?”

ती पानं शमिकाने तीनदा लिहिली होती. मग तिने ती उलटी केली, दप्तरातून पेन काढलं आणि मांडीवर कागद टेकवून म्हणाली, “बरं. कशावरून चिडेल तो, विचार करू दे.” पूल संपून गाडी शहरात शिरली आणि स्टँड येईपर्यंत ती लिहीत राहिली.